नानाशाच्या गाडीचा गोळा

आमच्याकडे नानाशाला 'नाही' म्हणत नाहीत. नानाश म्हणजे लग्नाचा धर्मपिता. चर्चमध्ये नवरा-नवरीच्या शेजारी मोठी मेणबत्ती धरून तो उभा राहतो, आणि पुढे जन्मभर त्यांच्या बऱ्यावाइटाला तोच उभा राहतो. तो आला नाही तर पाद्री पोथी उघडत नाही. त्यामुळे लग्नाच्या दिवशी नानाश म्हणाला की कोंबडा अंडं देतो, तर बाकीच्यांनी टोपली घेऊन धावायचं.

माझ्या सिमिओनचा नानाश वालेर. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा तोदेर गेला तेव्हा सिमिओन शाळेत होता. पुढे पोर हाताशी आलं तेव्हा वालेरनंच त्याला इटलीत आपल्याबरोबर बांधकामावर नेलं, स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, सणाला घरी पाठवलं. हे मी विसरलेले नाही. पण इटलीहून परतताना वालेर दोन गोष्टी घेऊन आला, एक पांढरीशुभ्र जीप आणि दुसरं, आपल्याला सगळं कळतं ही समजूत. जीप निदान रात्री गॅरेजमध्ये जायची.

सून डोंगरापलीकडच्या रुन्कू गावची, आनुत्सा. लग्न मे महिन्यात, आठवडाभर पाऊस पडून गेल्यावर. खालून चांगला डांबरी रस्ता होता. पण अंगणातून वरात निघताना वालेरनं टोपीवरचं फूल नीट केलं आणि म्हणाला, "डांबरावरून काय, कुणीही जातं. आपण जंगलातून जाऊ. माझी गाडी कशासाठी आहे?"

मी तोंड उघडलं. सिमिओननं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

वरातीत पुढे आमची जुनी आरो गाडी, तिच्या नाकावर देवदाराच्या फांद्यांची माळ आणि आत नवरदेव सिमिओन. त्याच्या शेजारी मी, मांडीवर सुनेसाठी विणलेली लोकरीची जाड घोंगडी. मागे नानाशाची जीप, तिच्यात त्याची बायको ओक्ताविया, मांडीवर मेणबत्त्या. त्यामागे पेत्रेआ व्हायोलिनवाला आणि गावातली पोरंपोरी पायी, गात, ओरडत. आमच्या आरोला मागची काच नाही. काचेच्या जागी मी पत्रा मारून घेतलाय. तो का, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी विचारत नाही.

तुम्हाला सांगते. लाकडाचा एक ट्रक चिखलात रुतला होता. ट्रकच्या मागे, ट्रॉली जोडायला असतो ना, तो लोखंडी गोळा होता. तोदेरनं साखळी त्या गोळ्याला अडकवली, दुसरं टोक आरोला, आणि गाडी पुढे दामटली. गोळा तुटला. साखळीसकट उडाला आणि मागच्या काचेतून आत आला. मी रस्त्याच्या कडेला जेवणाचा डबा घेऊन उभी होते. तोदेरनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आरो मी चालवायला घेतली. आमचं घर गावाच्या टोकाला, जिथून जंगलाची वाट सुरू होते तिथे. उन्हाळ्यात शहरातले हौशी लोक मोठाल्या गाड्या घेऊन चिखलात लोळायला येतात, आणि रुतले की माझं दार वाजवतात. त्यांना ओढून काढता काढता मी शिकले. काही शहाणे होते, त्यांच्याकडून काय करावं ते शिकले. बाकीच्यांकडून काय करू नये ते.

तर वरात निघाली. गावाच्या वेशीपाशी म्हाताऱ्या युस्तीनानं आणि तिच्या मैत्रिणींनी वाट बांधली होती. म्हणजे रस्त्यात आडवा, फुलं खोचलेला पट्टा ताणून धरला होता. ही आमची रीत. वरातीची वाट कुणीही बांधावी, आणि नानाशानं खंडणी देऊन ती सोडवावी. तिथं रागवायचं नाही, मागे फिरायचं नाही.

वालेर जीपमधून ऐटीत उतरला. "काय पाहिजे, आज्जे?"

"तुझी बायको दे," युस्तीना म्हणाली.

"ती देतो, पण परत घेणार नाही हं!"

सगळे खिदळले. ओक्तावियानं काचेतून मूठ दाखवली. वालेरनं होरिन्का दारूची बाटली काढून म्हातारीच्या हातात दिली आणि सगळ्या वरातीला ऐकू जाईल असं ओरडला, "वाट बांधणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं, तर कसला नानाश मी!"

पट्टा खाली पडला, व्हायोलिन सुरू झालं, आम्ही जंगलात शिरलो.

ओढ्याच्या अलीकडे सिमिओननं आरो थांबवली. पुढची जमीन हिरवीगार, गवताळ, बघायला गादीसारखी. तिथं पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो, हे आमच्या मेंढरांनाही कळतं. सिमिओन मला म्हणाला, "उतरून काठीनं बघतो." तेवढ्यात बाजूनं हॉर्न वाजवत जीप पुढे गेली. वालेरनं काचेतून हात हलवला. दोन गाड्यांच्या लांबीइतकी जीप गेली, मग तिचं नाक खाली वाकलं, चाकं गरगरली, मागच्या पोरींच्या पांढऱ्या बाह्यांवर चिखलाचे शिंतोडे उडाले आणि जीप पोटावर बसली.

पेत्रेआनं व्हायोलिन थांबवलं. मग बहुतेक त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण हळूच पुन्हा वाजवायला लागला.

"बंद कर रे ते!" वालेर आतून ओरडला.

ओक्तावियाला पेत्रेआनंच पाठुंगळीला घेऊन काठावर आणलं. ती मेणबत्त्या उंच धरून होती आणि सबंध वाटभर नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. वालेर मात्र हरखलेलाच दिसत होता. बूट चिखलात रुतवत तो मागे आला, जीपचं मागचं दार उघडलं आणि एक मोठी पेटी बाहेर ओढली. पेटीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"बघा," तो म्हणाला. "सगळं आहे. सगळं म्हणजे सगळं!"

होतंही. एक जाड काळा दोर होता, जो ताणला की लांबतो आणि झटका गिळतो. एक चपटा पिवळा पट्टा होता, तो अजिबात ताणत नाही. तो सावकाश ओढायला किंवा वजन उचलायला ठीक, झटक्याला नाही. चांदीसारख्या चमकणाऱ्या दोन कड्या होत्या. मी एक कडी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हिच्यावर किती भार झेपतो ते कुठे कोरलंय?"

"चमकते कशी बघ ना!"

"चमकायला काय, सार्डिनचा डबापण चमकतो."

पोरं हसली. वालेरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला तिथंच थांबायला हवं होतं, कारण रुसायला लागला की त्याचे कान आधी लाल होतात. त्यानं पिवळा पट्टा उचलला, चमकती कडी घेतली, जीपच्या मागे वाकला आणि कडीनं पट्टा ट्रॉलीच्या गोळ्याला अडकवला. नवा कोरा, चकचकीत गोळा. दुसरं टोक त्यानं सिमिओनकडे फेकलं.

"आरो वळव, नवरदेवा! मागे लाव, आणि मी हात केला की जोरात मार. एका झटक्यात बाहेर. नवऱ्यानं आपल्या नानाशाला चिखलातून काढलं म्हणजे लग्नाला बरकतच की!"

तीच आरो होती, तीच सीट, मागे तसाच गोळा. आणि त्या सीटवर माझा एकुलता एक मुलगा बसणार होता, कोटाला फूल लावून.

"नानाश," मी म्हटलं, "गोळ्याला नका लावू. गोळा ट्रॉली ओढायला असतो, रुतलेली गाडी झटक्यानं उपटायला नाही."

"पराश्काबाई, ती जुनी साखळी होती," वालेर आवाज खाली आणून म्हणाला. तो खरंच प्रेमानं बोलत होता. "गंजलेलं लोखंड होतं ते. हे नवं आहे. इटलीचं आहे. आजच्या दिवशी त्याची आठवण कशाला?"

"नव्यालाही तेवढंच झेपतं जेवढं झेपतं."

"म्हणजे मला कळत नाही?"

ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. त्याचे कान आता टोपीवरच्या लाल फुलासारखे झाले होते. मला माहीत होतं पुढे काय होणार. तो टोपी काढणार, गवतावर आपटणार, ओक्तावियाला हाक मारणार आणि पायी घरी चालू लागणार. एकदा स्वतःच्या सख्ख्या भावाच्या मुलाच्या बारशातून तो असाच उठून गेलेला मी पाहिला होता. आणि पलीकडे रुन्कूला आनुत्सा डोक्यावर मुकुट बांधून बसली असणार, आणि नानाशाशिवाय नवरा दारात आला असता तर तिच्या बापानं दारच उघडलं नसतं.

सिमिओन माझ्याजवळ आला. "आई," तो हळूच म्हणाला, "आज नको. मी हळू ओढतो ना."

"आणि त्यानं हात केला की?"

हात केला की सिमिओन जोरात मारणार होता. नानाश म्हणेल तसं. त्याच्या बापालासुद्धा कुणीतरी हात केलाच होता.

तो आरोकडे गेला. इंजिन सुरू झालं. गाडी वळली, पाठ जीपकडे झाली, पत्रा माझ्यासमोर आला. कुणीतरी पट्ट्याचं टोक आरोच्या मागच्या हूकला लावलं. तो हूक चांगला होता, लोहाराकडून मीच चेसिसला पक्का बसवून घेतलाय. पण एका टोकाच्या चांगुलपणाचा काय उपयोग!

मी राग गिळला आणि विचार केला. मला राग पटकन येतो आणि विचार उशिरा, पण त्या दिवशी दोघं एकदम आले. मी डोक्यावरचा रुमाल सोडला. लाल फुलांचा, नवा, लग्नासाठीच घेतलेला. त्याचं एक टोक ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या फांदीला बांधलं, दुसरं टोक हातात धरलं आणि आरोच्या नाकासमोर रस्त्यात आडवी उभी राहिले.

सिमिओननं काच खाली केली. "आई, काय करतेस?"

"वाट बांधतेय," मी मोठ्यानं म्हटलं. "दिसत नाही?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. सगळ्यात आधी पेत्रेआला कळलं. वाजवणारी माणसं अशा बाबतीत हुशार असतात. त्यानं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि वाट बांधताना वाजवतात ती चाल सुरू केली. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. ओक्ताविया काठावरून ओरडली, "ए वालेर! वाट बांधलीय, ऐकू येत नाही का? जा, सोडव!"

वालेर चिखलातून माझ्यापर्यंत आला. कान अजून लालच होते. "वरमाईनं कधी वाट बांधलीय का?"

"कुणीही बांधावी. युस्तीनाला विचारा."

"बरं. काय पाहिजे? बाटली?"

"बाटल्या माझ्या घरीपण आहेत. तो गोळा पाहिजे."

"कुठला गोळा?"

"जीपच्या ढुंगणावरचा!"

असा हशा पिकला की जंगलातले पक्षी उडाले. वालेरही हसला असता, पण त्याला कळलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मीही त्याच्याकडे. मग त्याची नजर आरोत बसलेल्या सिमिओनकडे गेली.

"वाट बांधणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं तर..." मागून कुणीतरी सुरुवात केली, आणि सगळी वरात एका आवाजात ओरडली, "कसला नानाश मी!"

त्यानं टोपी काढली. पण त्यानं ती आपटली नाही. डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "घे," तो म्हणाला. "रीत ती रीत."

जीपच्या मागे चौकोनी नळी असते, गोळ्याचा दांडा तिच्यात सरकवून आडवी खीळ घातलेली असते. त्यानं पट्टा सोडवला, खीळ उपसली, दांडा ओढून काढला आणि गोळा माझ्या ओंजळीत ठेवला. जड होता. मी तो दांड्यासकट ॲप्रनमध्ये गुंडाळला आणि रुमाल सोडला. वाट मोकळी झाली.

"आता दोर कशाला लावू, तुझ्या नाकाला?" वालेर म्हणाला, पण आवाजात रुसवा नव्हता.

"ती खीळ आहे ना हातात. काळ्या दोराचा फास नळीत घाला आणि खीळ परत आडवी ठोका. नळी चेसिसला धरून आहे, तुटणार नाही. आणि मधे कडी नको. उडेल असं लोखंड जेवढं कमी तेवढं बरं."

त्यानं घातला. मग मी खंडणीच्या जोरावर आणखी थोडी दादागिरी करून घेतली. पोरांना चाकांमागचा चिखल हातानं काढायला लावला. चिखलाला धरून ठेवायला शक्ती लागत नाही, पण त्याच्याशी झोंबायला दोराला लागते. चाकांची हवा थोडी कमी केली म्हणजे ती पसरून जमीन धरतील. चाकांमागे देवदाराच्या फांद्या टाकल्या, त्यात आरोच्या नाकावरची माळपण गेली. पिवळा पट्टा पेटीत परत गेला. काळ्या दोराचं दुसरं टोक मी आरोच्या हूकला लावलं आणि दोर सैलसा, गवतावर सापासारखा वळवून ठेवला.

मग मी घोंगडी आणली.

"अहो, ती सुनेची आहे!" ओक्ताविया किंचाळली. "नवी घोंगडी चिखलात?"

"घोंगडी धुता येते," मी म्हटलं. दोराच्या मधोमध ती पसरून टाकली. दोर तुटलाच, तर ओली जड लोकर त्याला हवेत झेपावू देत नाही, जमिनीवर पाडते. सगळा हिवाळा मी ती विणली होती, काळी-पांढरी, कडेला सुनेच्या नावाचं अक्षर. ती चिखलात पसरताना वाईट वाटलं. वाटणारच.

"आता सगळे वर, टेकडीवर. दोराच्या जवळ कुणी नको, दोर ओलांडायचा नाही. पेत्रेआ, तूपण. वाजवायचंय तर तिथून वाजव."

सिमिओननं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मीच त्या सीटवर बसले असते, पण आता तसं म्हणणं म्हणजे वालेरनं दिलेली खंडणी परत करण्यासारखं झालं असतं. मी बोटानं खूण केली, सावकाश.

आरो चालली, माणूस झपझप चालतो तशी. सैल दोर सरळ झाला, ताणला, थोडा लांबला. वालेरनं जीप मागे घातली. आरो क्षणभर थांबल्यासारखी झाली. मग चिखलानं मोठा ओला उसासा टाकला आणि जीप ढकलल्यासारखी मागे सरकली, सरकली, फांद्या चिरडत गवतावर आली. घोंगडी दोरावरून घसरून मधेच पडून राहिली.

टेकडीवरून आरडाओरडा झाला. मी तिथंच गवतावर बसले आणि रडले. कुणी पाहिलं नाही, सगळे जीपकडे धावले होते. फक्त सिमिओन आरोतून उतरून माझ्याकडे आला, शेजारी बसला आणि त्याच्या लग्नाच्या शर्टाच्या बाहीनं त्यानं माझं तोंड पुसलं. बाही काळी झाली.

रुन्कूला डांबरी रस्त्यानंच गेलो. आनुत्सानं चिखलानं भरलेली घोंगडी पाहिली, काय झालं ते ऐकलं, आणि माझ्या हाताचा मुका घेऊन ती घोंगडी तशीच हुंड्याच्या पेटीवर सगळ्यांत वर ठेवली. लग्न छान झालं. वालेर पहाटेपर्यंत नाचला, आणि प्रत्येकाला सांगत राहिला की तो गोळा तुटला नसताच. तुटला नसेलही. मी कुणाशी वाद घातला नाही. तोदेरचा गोळाही कितीतरी वेळा तुटला नव्हता.

पुढच्या रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर वालेर माझ्या दारात उभा. टोपी हातात.

"पराश्काबाई, तो गोळा... गवताची ट्रॉली ओढायची होती."

"मग घेऊन जा की. त्यासाठीच असतो तो."

मी त्याला आत बसवलं, होरिन्काचा पेला भरला. मग कपाटातून, पिठाच्या डब्यामागून दोन गोळे काढून टेबलावर ठेवले. एक त्याचा, दांड्यासकट. दुसऱ्याला दांडा नव्हता, खाली नुसता तुटका देठ.

वालेरनं देठाकडे पाहिलं आणि सगळं कळलं त्याला. मग तो तुटका गोळा त्यानं उचलला, पुसून पाहिल्यासारखा अंगठा फिरवला.

"याच्यावर गंज नाही, ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला.

"नाही."

त्यानं तो परत ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता. पेला घटाघट प्यायला. आपला गोळा हातरुमालात बांधला आणि दारापर्यंत गेला. तिथं थांबला.

"तू तशीच सरळ अडून बसली असतीस, रुमाल न बांधता..."

"तर तुम्ही निघून गेला असता."

मला वाटलं तो 'छे' म्हणेल. त्यानं विचार केला. कान लाल झाले, पण ह्या वेळी वेगळ्या कारणानं.

"हो," तो म्हणाला. "गेलो असतो."

खरं बोलला. मी त्याला परत आत बोलावलं आणि आणखी एक पेला भरला.